पहिला ठोका

वडीगोद्री, २२ नोव्हेंबर १९४८

दाऊद मास्तरांना नरहरचा सलाम, आणि नमस्कारही. दोन्हींतला जो अजून चालत असेल तो घ्यावा.

तुमचं पत्र मिळालं. पत्त्यावर चादरघाट वाचून बरं वाटलं, म्हणजे हैदराबादला मेव्हण्याकडं सुखरूप पोचलात. तुम्ही विचारलंय ते एवढंच की अब्बांना गावात राहू द्यावं, का येऊन घेऊन जावं. आणि तू आमच्या शाळेतला म्हणून भरोसा ठेवतो, खरं ते कळव. मास्तर, भरोशाला तुम्हाला दुसरं कोणी सापडलं नाही का? उर्दूची तिसरी दोनदा करून चौथीत पळून गेलेलं पोरगं मी.

पत्र कालच टाकायचं होतं. पण इथं बाजारात एकजण लोटण कबुतरं घेऊन बसला होता. जमिनीवर सोडली की कोलांट्या खात सुटतात, उडायचं विसरूनच जातात. ते बघत बसलो अन् टपाल निघून गेलं. असो.

बाबा बरे आहेत. तुमचे अब्बा ते आम्हा सगळ्यांचे बुढनबाबा, तेव्हा मी बाबाच लिहितो. सकाळ-संध्याकाळ दर्ग्यात उद घालतात, दिवसभर ओट्यावर बसतात. आमची चुलती चतुराबाई भाकरी घेऊन जाते अन् तिथंच बसून त्यांच्याशी भांडते, की काल कालवण का ठेवलं. मिलिटरी आल्यावर आजूबाजूला जे झालं ते आपल्या गावात झालं नाही. बाबांना कोणी हात लावला नाही. तुमच्याबद्दल बोलतात, ते बोलतातच. सरकारी मास्तर म्हणून तुम्हाला अंबडला रझाकारांच्या कवायतीत उभं केलं होतं, तो हुकूम होता, हे मला माहीत आहे. गावालाही माहीत आहे, पण सध्या गाव माहीत नसल्यासारखं करून राह्यलंय.

माझं म्हणाल तर मी आता मोठा माणूस झालोय. हसू नका. सरहद्दीवरच्या कॅम्पात काही महिने होतो ना, तर गाव मला स्वातंत्र्यसैनिक समजतं. मी तिथं डाळ शिजवली. ती पण एकदा करपली अन् उरलेला महिना भांडी घासली. बंदूक पाहिली ती दुसऱ्याच्या खांद्यावर. पण आमचे चुलते काकासाहेब चार लोकांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, आमचा नरहर कॅम्पातला. आजवर याच काकासाहेबांनी मला उनाड सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. मी हात काढत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चंपाषष्ठी झाल्यावर देतो. कारण असं. खंडोबाची पालखी काढायला अजूनही इजाजत लागते. राज्य गेलं, इजाजत राहिली. नवे तहसीलदार नागपूरकडचे आहेत. ते चावडीवर येऊन जबाब घेणार, की पालखीचा जुना दस्तूर काय. जसा दस्तूर तसा हुकूम. गावानं जबाबाला मला नेमलंय, कॅम्पातला म्हणून. तेव्हा इथंच तालीम करतो, चुकलं तर लाल शाई लावा.

पालखी देवळातून निघून नदीवर आंघोळीला जाते. वाटेत दर्ग्याची पायरी. तिथं पालखी थांबते, हलगी थांबते. बाबा उदाची वाटी घेऊन बाहेर येतात, पालखीभोवती धूर फिरवतात. मंग पुंजाराम हलगीवाला आपली काठी त्यांच्या हातात देतो, बाबा हलगीवर पहिला ठोका मारतात, अन् मगच बाजा पुढं. भंडारा उधळला की बाबांची पांढरी दाढी पिवळी होते, ती पुढं कित्येक दिवस तशीच. का आणि कधीपासून, कोणालाच माहीत नाही. तुमच्या आजाच्या आधीपासून. हा दस्तूर.

अन् दगड वेगळा. मी तुमच्या शाळेत असताना पोलिसांचा अमीन आल्ता, त्यानं वाटेत चुना फासलेला दगड पुरला, की इथून दर्ग्यापर्यंत बाजा बंद. सगळ्यात जास्त चिडले ते बाबाच. देव माझ्या दारात माझ्यासाठी थांबतो, तुमच्या दगडासाठी कशाला थांबंल, असं अमिनाला तोंडावर म्हणाले अन् एक दिवस अंबडच्या कोठडीत बसून आले. तेव्हापासून पालखी दगडापासून मुकी चालायची, पण पायरीवर बाबांचा ठोका पडायचाच. अमीन तेवढ्या वेळात पान लावायचा.

म्हणजे दगडाचं थांबणं हुकमाचं, पायरीचं थांबणं आपलं. साहेबाला एवढंच सांगायचंय. त्यात काय अवघड आहे?

तुमचा,
नरहर


शहागड, ३० नोव्हेंबर

मास्तरांना सलाम.

जबाब झाले. हुकूम चांगला झाला, काळजी नसावी. बाजा देवळापासून नदीपर्यंत अखंड वाजणार. दगड त्याच दिवशी उपटला, पोरांनी नदीत नेऊन टाकला. बाबांच्या रक्षणाला दर्ग्यावर दोन शिपाई बसणार आहेत. पालखी पुढं जाईपर्यंत बाबांनी दार लावून आतच राहायचं, म्हणजे गर्दीत कोणी काही करायला नको.

साहेब फार सज्जन माणूस. तुमचं अन् त्यांचं जमलं असतं. आल्याबरोबर बाबांना खाली बसलेलं पाहिलं अन् आपली खुर्ची दिली. गावाला म्हणाले, की आता सरकारला कोणता धर्म नाही. सरकारनं दोनच गोष्टी बघायच्या: जुना दस्तूर मोडू नये आणि कोणाच्या जिवाला धोका होऊ नये. असं बोलणारा अंमलदार मी पहिल्यांदाच पाहिला. कॅम्पात असली भाषणं व्हायची, पण मी तेव्हा डाळीपाशी असायचो.

इथं शहागडला मिलिटरीची एक लॉरी नावेवर चढवताना अर्धी पाण्यात गेली आहे. सगळा बाजार काठावर उभा आहे, जो तो ड्रायव्हरला शिकवून राह्यला. मी पण दोरीला हात लावला. इथंच काही दिवस लॉरीवर काम मिळतं का बघतो. जालन्याच्या टॉकीजवाल्यानंही बोलावलंय.

चावडीवर मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. कार्डावर जागा नाही.

नरहर


गावातून, ८ डिसेंबर

मास्तर,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंय, तुझ्या कार्डात दगड आहे, शिपाई आहेत, लॉरीसुद्धा आहे, ठोका कुठं आहे? शाळेतही तुम्ही असंच करायचे. पाटीभर लिहिलेलं सोडून जे लिहिलं नाही त्यावर बोट ठेवायचे.

सांगतो.

जबाबाच्या दिवशी सकाळी मी विहिरीवर आंघोळ करत होतो. काकासाहेब आले. रागावले नाहीत, उलट स्वतः पोहरा ओढून माझ्या पाठीवर पाणी घातलं. म्हणाले, दोन शब्दांत उरक. बाजा कशानं थांबायचा? हुकमानं. हुकूम गेला, बाजा आला. मी म्हणालो, अन् बाबांचा ठोका? ते म्हणाले, "त्यो कशाला मधी आणतो? साहेब नवा माणूस. त्याला वाटंल अजून या गावात मुजावराच्या मर्जीनं देव चालतो. मंग तुझा कॅम्प काय कामाचा?"

तुम्हाला आठवत असेल, अमिनानं दगड पुरला तेव्हा कुदळ कोणाची होती. काकासाहेबांचीच. हे मला विहिरीवरही आठवलं. पण पाठीवर पाणी पडत होतं, अन् मला लहानपणापासून असं कोणी न्हाऊ घातलं नव्हतं. हे कारण नाही, मास्तर. नुसतं सांगतो.

चावडीवर साहेबांनी विचारलं, दर्ग्यापुढं बाजा का थांबायचा?

मी म्हणालो, "हुकूम होता, साहेब."

ते म्हणाले, हुकमाच्या आधी?

मी म्हणालो, "मी लहान होतो."

साहेब लिहिता लिहिता थांबले. त्यांना काहीतरी कमी वाटलं असावं. ते खुर्चीकडं वळून म्हणाले, मुजावरबाबा, हे बरोबर आहे का, तुम्हाला काही सांगायचंय का? मला वाटलं, आता बाबा बोलतील. मला ते हवंही होतं. चिडले असते, मला खोटा म्हणाले असते, तर मी खाली मान घालून हो म्हणून मोकळा झालो असतो. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मंग म्हणाले, "पोरगं सांगतं तसं लिवा, साहेब. त्याला गावात राहायचंय."

लोक हसले. हा नरहर अन् गावात राहणार, म्हणून. मीही हसलो.

त्यावर साहेबांनी हुकूम दिला. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. जे ऐकलं त्यावरून यापेक्षा न्यायाचा हुकूम कोणी दिला नसता.

आता परवाचं. चंपाषष्ठीला पालखी निघाली. दगड होता ती जागा आली तेव्हा पोरं नुसती उड्या मारत होती, पुंजाराम असा वाजवत होता की कान बंद व्हावेत. मलाही चढलं. खोटं कशाला सांगू, त्या तेवढ्या वाटेत मला वाटलं, हेच बरोबर झालं. इतकी वर्षं आपला देव इथून चोरासारखा मुका गेला.

आणि पायरी आली अन् हलगी थांबली.

कोणी सांगितलं नव्हतं. पुंजारामचा हातच थांबला. भोई थांबले. येळकोट म्हणणारे थांबले. गावाच्या अंगातच ते होतं. पुंजारामनं नेहमीसारखी काठी दाराकडं पुढं केली, अन् दार बंद. दारापुढं शिपाई. दाराच्या फटीतून उदाचा धूर येत होता.

पुंजाराम म्हणाला, "बाबा कुठं गेले?"

शिपायांना वाटलं, लोक दर्ग्यापुढं थांबले म्हणजे आता दंगा. त्यांनी लाठ्या आडव्या धरल्या. लाठ्या पाहून मागची पोरं पुढं रेटायला लागली. काकासाहेब म्हणाले, वाजव रे.

"पहिला ठोका माझा न्हाई, मालक," पुंजाराम म्हणाला. चढून नाही बोलला, नुसतं माहिती दिल्यासारखं.

काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्या गावानं पाहिलं. मला एवढंच करायचं होतं, शिपायाला बाजूला हो म्हणायचं अन् दार वाजवायचं. कॅम्पातल्या माणसाला शिपायानं अडवलं नसतं. अन् बाबा बाहेर आले असते तर एकानंही हूं केलं नसतं, हे मी आज शपथेवर सांगतो. सगळे त्यांचीच वाट बघत होते.

मी पुंजारामच्या हातातून काठी घेतली अन् हलगीवर मारली.

बाजा सुरू झाला. भंडारा उडाला. माझ्या पाठीवर थापा पडल्या. मी नदीपर्यंत गेलो नाही, मागंच राहिलो. एका शिपायानं बिडी मागितली. ओढता ओढता तो आपणहून सांगायला लागला. म्हातारा सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसला होता. बाजा जवळ आला तसा वाटी घेऊन दाराशी आला, कडीवर हात ठेवला. हुकूम नाही बाबा, असं शिपायानं फटीतून सांगितलं. बरं म्हणाला, पण हात काढला नाही. बाहेर सगळं गप्प झालं तेव्हा तो हसला, म्हणाला, बघ, थांबले. मंग ठोका ऐकू आला. तेव्हा त्यानं वाटी खाली ठेवली अन् भिंतीला टेकून बसला.

शिपायानं विचारलं, का हो, काय भानगड असते ही? मी म्हणालो, मला माहीत नाही.

तिसऱ्यांदा हेच. साहेबाला एकदा, गावाला एकदा, अन् बिडी ओढणाऱ्या परक्या शिपायाला एकदा. त्याला तरी खरं सांगायला काय जात होतं?

नरहर


मस्तगड, जालना, १९ डिसेंबर

मास्तर,

तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली असंही म्हणत नाही, वाट पाहायचा हक्क लागतो. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडं आहे, ते देतो. आधी मधलं सांगितलं पाहिजे.

मी अंबडला गेलो, तहसील कचेरीत. या खेपेला वाटेत कुठं रमलो नाही. साहेबांना दगडाचं वेगळं सांगितलं, पायरीचं वेगळं सांगितलं. पुंजारामची काठी, बाबांची कोठडी, पिवळी दाढी, सगळं. साहेबांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, हे तेव्हा का नाही सांगितलं?

मी म्हणालो, भ्यालो.

ते म्हणाले, "कोणाला? तुम्हाला कोणी धमकावलं का? नाव सांगा."

मी नाव काय सांगणार? मला कोणी धमकावलं नव्हतं. खांद्यावर एक हात पडला होता, तो मला जाऊ द्यायचा नव्हता. असला गुन्हा कोणत्या कायद्यात बसतो?

साहेबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, माझ्या हातून अन्याय झाला, तो मी दुरुस्त करतो. तिथंच हुकूम लिहिला: पुढल्या वर्षापासून जुन्या दस्तुराप्रमाणे पालखी दर्ग्यापुढं थांबेल, मुजावर पहिला ठोका मारील, अन् कोणी हरकत केल्यास बंदोबस्तावरचे शिपाई कारवाई करतील. खाली शिक्का. मी तो कागद सदऱ्याच्या आत ठेवला अन् जवळजवळ पळतच गावात आलो. वाटलं, मिटलं. आता तुम्हाला लिहायचं, बाबांना राहू द्या.

आधी काकासाहेबांना दाखवला. मला वाटलं, घराबाहेर काढतील. मी तयारीनंच गेल्तो. त्यांनी कागद दूर धरून वाचला अन् परत दिला. "सरकारचा हुकूम हाये का? मंग मारू दे की ठोका. आपल्याला काय," म्हणाले अन् बैलाला पाणी दाखवायला गेले. मास्तर, त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मंग बाबांकडं गेलो. वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाच म्हणून सांगितलं. शिपायांचं कलम आलं तिथं हात वर केला.

"अमिनाकडं बी असाच कागद होता," म्हणाले.

मी म्हणालो, बाबा, तो तुमच्या विरुद्ध होता, हा तुमच्या बाजूचा आहे. हे सरकार वेगळं आहे.

"सरकार चांगलं हाये. मला खुर्ची दिली त्यानं. पर बेटा, मला काठी पुंजाराम देत होता. आता शिपाई देणार. गाव बाजूला उभं राहून बघणार, म्हातारा हुकमानं ठोका मारून राह्यला म्हणून. कशाला? मी काय सरकारचा हलगीवाला हाये?"

मी म्हणालो, गावाची हरकत नाही. काकासाहेब स्वतः म्हणाले.

"हरकत न्हाई," ते म्हणाले. "बोलावणं बी न्हाई ना."

कागद त्यांनी घेतला नाही. माझ्यावर रागावले नाहीत. तू जेवलास का विचारलं, अन् चतुराबाईच्या भाकरीतली अर्धी मला दिली. मी खाल्ली. ती कशी गिळली ते सांगून तुमची दया मागत नाही.

भाकरीवरून सांगतो. शिपाई अजून दर्ग्यावर आहेत, त्यांचा महिनाभराचा हुकूम आहे. चुलती पायरीपर्यंत येते, भाकरी शिपायाच्या हातात देते अन् परत जाते. भांडत नाही, बसत नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, तिथं आता सरकारी माणसं असतात, बाईमाणसानं काय बसायचं. खरंच आहे तिचं. पुंजाराम लांबून रामराम करतो. पोरं पायरीपाशी आली की आवाज उतरवतात. सगळे बाबांशी फार जपून वागतात, अगदी पाहुण्यासारखं. साठ-सत्तर वर्षं त्या गावात राहिलेल्या माणसाशी.

तेव्हा तुमचं उत्तर. बाबा म्हणतील, मी जाणार नाही, कबरीवर उद कोण घालंल. तसं लिहायला त्यांनी मला सांगितलं नाही, पण ते तसंच म्हणणार. त्यांच्या जिवाला गावात धोका आहे का? बिलकुल नाही. पोटाचे हाल आहेत का? नाहीत. तुम्ही एवढंच विचारलं असतं तर मी राहू द्या लिहिलं असतं, अन् ते खरंही ठरलं असतं.

पण मास्तर, या अन् घेऊन जा त्यांना. पुढच्या चंपाषष्ठीच्या आत न्या. साहेब हुकूम पाळतील, शिपाई येतील, गाव मुकाट उभं राहील, अन् बाबांना दारात येऊन ठोका मारावा लागेल किंवा नाही म्हणावं लागेल. मी आणलेल्या कागदानं त्यांच्यावर ती पाळी आली आहे. कागद फाडून उपयोग नाही, कचेरीत नक्कल आहे.

मी इथं टॉकीजमधे आहे, रिळाची पेटी स्टेशनवरून आणायचं काम. मनमाडकडं जायचा विचार होता, तो नाताळनंतर बघू. तुम्ही कधी येता ते इथल्या पत्त्यावर कळवा. गावापासून जालना स्टेशनपर्यंत गाडी लागेल. बैल मिळतील, गाडी मी हाकीन. पण माझ्या गाडीत बसायचं बाबांच्या मनात नसलं तर पुंजारामला सांगून ठेवलंय, तो आणील. मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते हो म्हणतील, मला वाईट वाटू नये म्हणून. म्हणून तुम्हीच विचारा, अन् मी जवळ नसताना विचारा.

नरहर